हिरव्याच्या पोटातले रंग

अळूची पानं चिरून शिजत टाकली की पहिली काही मिनिटं पातेल्यातला हिरवा उलट जास्तच उजळतो. पानातली हवा निघून जाते आणि रंग थेट डोळ्यात भरतो. मग चिंचेचा कोळ पडतो. बघता बघता तो हिरवा मावळतो आणि फतफत्याला त्याचा ओळखीचा शेवाळी, भिजवलेल्या मेंदीसारखा रंग येतो. सुगरणीला त्याचं काही वाटत नाही. फतफतं हिरवंगार राहिलं, तरच ती दचकेल.

त्या पातेल्यात घडलेली गोष्ट मात्र साधी नसते. क्लोरोफिलच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. चिंचेतलं आम्ल तो उपटून काढतं आणि त्या जागी हायड्रोजनचे दोन अणू बसतात. उरतं ते फिओफायटिन, करड्या-शेवाळी रंगाचं. पालेभाजी झाकण ठेवून शिजवू नये, असं जुन्या बायका सांगत त्यामागेही हेच आहे. पानातलीच काही आम्लं वाफेबरोबर उडून जातात, आणि झाकण असलं की ती पुन्हा भाजीतच ठिबकतात. खानावळीतल्या पालकात चिमूटभर सोडा पडतो तो याच आम्लांना गप्प करायला.

पानातले रंग एकमेकांपासून वेगळे काढण्याच्या विद्येबद्दल हे पुस्तक आहे. विद्येचं नाव वर्णलेखन, प्रयोगशाळेतल्या रोजच्या बोलीत क्रोमॅटोग्राफी. आज तिचं सर्वांत वापरातलं रूप म्हणजे उच्च दाबाखाली चालणारं द्रव-वर्णलेखन, म्हणजेच एचपीएलसी. त्याची यंत्रं, कॉलम, विद्रावक, आलेख हे सगळं पुढच्या प्रकरणांत तपशिलात येईलच. त्याआधी एक गोष्ट नजरेत ठेवलेली बरी. गेल्या दीडशे वर्षांत या क्षेत्रात जेवढे वाद झाले, जेवढ्या चुका झाल्या, त्यांतल्या बहुतेक अळूच्या पातेल्यातल्याच आहेत: रंग वेगळा करता करता तो मोडला, आणि मोडलेल्यालाच लोक मूळचा समजून बसले.

क्लोरोफिल हे नाव १८१७ सालचं. पेल्तिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी ते दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सरळ ‘हिरवं पान’. गाजरातलं कॅरोटीन वाकेनरोडरने १८३१ मध्ये वेगळं केलं, पिकल्या पानातल्या पिवळ्याला बर्झेलियसने झँथोफिल म्हटलं. इंग्लंडमध्ये स्टोक्स आणि सॉर्बी यांनी पानांचा अर्क एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन विद्रावकांत घुसळून पाहिला, तेव्हा हिरवा एकटा नाही, त्यातही दोन प्रकार आहेत आणि पिवळेही निदान दोन-तीन आहेत, असा त्यांना दाट संशय आला. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. एका बाटलीतलं मिश्रण दोन बाटल्यांत वाटलं तर दोन मिश्रणं होतात, शुद्ध द्रव्य हाती येत नाही.

तो पुरावा ज्याने दिला तो रसायनशास्त्रज्ञ नव्हता, हे लक्षात घेण्यासारखं आहे. मिखाईल सेम्योनोविच त्स्वेत हा वनस्पतिशास्त्रज्ञ. १८७२ मध्ये इटलीतल्या अस्ती गावी जन्मला. वडील रशियन, आई इटालियन. आई त्याच्या जन्मानंतर लवकरच वारली. तो वाढला स्वित्झर्लंडमध्ये, १८९६ मध्ये जिनिव्हातून डॉक्टरेट घेतली आणि मग रशियाला गेला. तिथे ती स्विस पदवी चालेना. पुन्हा विद्यार्थी होऊन कझानमधून रशियन पदवी घ्यावी लागली, आणि मग नोकरी मिळाली ती वॉर्सा विद्यापीठात, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या पोलंडमध्ये. त्याच्या आडनावाचा रशियन भाषेतला अर्थ ‘रंग’. क्रोमॅटोग्राफी हा ग्रीक शब्द घडवताना त्याने हळूच आपली सही करून ठेवली, असं गमतीने म्हटलं जातं. तो स्वतः याबद्दल गप्प राहिला.

त्याला पडलेलं कोडं अगदी छोटं होतं. शुद्ध केलेलं क्लोरोफिल पेट्रोलियम ईथरमध्ये सहज विरघळतं. मग ताजं पान वाटून त्याच ईथरमध्ये टाकलं तर हिरवा का उतरत नाही? फक्त थोडं पिवळं कॅरोटीन तेवढं सुटतं. ईथरमध्ये किंचित अल्कोहोल घातलं की मात्र हिरवा भसाभस बाहेर पडतो. पानात क्लोरोफिल कुठल्या तरी वेगळ्या रासायनिक रूपात असतं आणि अल्कोहोल ते रूप बदलतं, असं तेव्हाच्या बहुतेकांचं म्हणणं होतं. त्स्वेतला वाटलं, रूप तेच असेल. पानातल्या कणांनी ते नुसतं धरून ठेवलं असेल. अंगाला चिकटलेल्या धुळीसारखं, रासायनिक बंध न होता.

हे तपासायला त्याने केलेला प्रयोग कुठल्याही शाळेत करता येईल इतका सोपा आहे. गाळणकागद पानांच्या हिरव्या अर्कात भिजवला, वाळवला, आणि तो हिरवा कागद पेट्रोलियम ईथरमध्ये बुडवला. कागद पानासारखा वागला. पिवळं कॅरोटीन सुटलं, हिरवा चिकटून राहिला, आणि अल्कोहोलचे थेंब पडताच तोही सुटला. कागदात पेशी नव्हत्या, जीव नव्हता. म्हणजे पकड होती ती पृष्ठभागाची. याला मराठीत अधिशोषण म्हणतात.

कागद धरून ठेवतो, तर बाकीचे पदार्थ काय करतात? इथून त्याचा नाद सुरू झाला. खडू, साखर, इन्युलिन, निरनिराळे क्षार आणि पुडी. शंभराहून अधिक पदार्थ त्याने तपासले. मार्च १९०३ मध्ये वॉर्सातल्या निसर्गअभ्यासकांच्या सभेत त्याने हे काम मांडलं. १९०६ मध्ये जर्मनीतल्या वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात दोन लेख आले, आणि त्यांत क्रोमॅटोग्राफी हा शब्द पहिल्यांदा छापला गेला.

त्याची नळी डोळ्यांसमोर आणण्यासारखी आहे. अरुंद काचनळीत बारीक खडूची पूड ठासून भरलेली. (शाळेतला फळ्यावरचा खडू आता बहुधा जिप्समचा असतो, त्स्वेतचा खडू म्हणजे खरं कॅल्शियम कार्बोनेट.) वरून पानांचा अर्क ओतायचा. सुरुवातीला खडूच्या माथ्यावर एकच गर्द हिरवा थर बसतो. मग वरून स्वच्छ विद्रावक सोडत राहायचा. हिरवा थर ताणला जातो, फाटतो, आणि पट्टे पडतात. कॅरोटीनला खडूशी काही देणंघेणं नसतं, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजनच नाही. ते सर्वांच्या आधी खाली निघून जातं. मागे राहतात पिवळे झँथोफिल, निळसर हिरवं एक क्लोरोफिल, पिवळसर हिरवं दुसरं, आणि त्याच्याही वर एक हट्टी पिवळा पट्टा. पुरेसे वेगळे झाले की त्स्वेत खडूचा तो ओला दांडा नळीतून ढकलून बाहेर काढी, सुरीने पट्ट्यापट्ट्याला कापी, आणि प्रत्येक तुकडा अल्कोहोलमध्ये टाकून रंग सोडवून घेई. लोलकातून प्रकाशाचे किरण जसे वेगळे होतात तसेच इथे मिश्रणाचे घटक वेगळे होतात, असं त्याने लिहिलं. आणि त्याच लेखात हेही, की ही पद्धत रंगीत पदार्थांपुरती नाही, बिनरंगी पदार्थांनाही तीच लागू पडेल. हे दुसरं वाक्य त्या काळी फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

पहिलंही घेतलं नाही. इथे पातेल्यातली चूक पुन्हा डोकं वर काढते.

त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञाला शुद्धता म्हणजे स्फटिक. पदार्थ स्फटिकरूपात आला, त्याचं वजन झालं, विश्लेषण झालं की तो खरा. क्लोरोफिलचे स्फटिक तर मिळालेलेच होते. इव्हान बोरोदिन या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने ते १८८० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. पान अल्कोहोलमध्ये भिजवून सावकाश वाळू दिलं की सुंदर हिरवे स्फटिक धरत. त्स्वेत म्हणत राहिला की हे मूळचं क्लोरोफिल नाही, प्रक्रियेत तयार झालेला माल आहे. तो बरोबर होता. पानात क्लोरोफिलेज नावाचं विकर असतं. अल्कोहोल मिळालं की ते क्लोरोफिलची वीस कार्बनची लांब शेपटी, म्हणजे फायटॉल, कापून टाकतं आणि तिथे अल्कोहोलचा तुकडा जोडून देतं. शेपटी गेली की रेणू सुटसुटीत होतो आणि सहज स्फटिक धरतो. लोक ज्याला शुद्धतेचा पुरावा समजत होते तो मोडतोडीचा पुरावा होता. ही उकल पक्की केली ती म्युनिक-झ्युरिकच्या रिखार्ड विल्श्टेटर आणि आर्थर श्टोल यांनी, आणि त्यांचं त्याबद्दलचं श्रेय खणखणीत आहे. क्लोरोफिलात मॅग्नेशियम आहे, ए आणि बी असे त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचं प्रमाण साधारण तीनास एक पडतं, हे विल्श्टेटरने सिद्ध केलं आणि १९१५ चं नोबेल मिळवलं.

याच विल्श्टेटरला त्स्वेतची नळी मात्र कामाची वाटली नाही. तो वाळवलेल्या खाजकुइरीसारख्या पाल्याच्या ढिगांवर काम करत असे. त्याला हातात मोजण्याइतकं द्रव्य हवं होतं, आणि बोटभर खडूतून मिळणारा रंगाचा अंश त्याच्या दृष्टीने किरकोळ होता. पोलिश रसायनशास्त्रज्ञ मार्खलेव्स्की तर उघड चिडला. नुसत्या गाळण्याच्या प्रयोगावर कुणी क्लोरोफिलचं रसायनशास्त्र बदलायला निघावं, हे त्याला सोसवेना. त्स्वेतही वादाला कमी नव्हता. भाषेनेही घात केला. मूळ व्याख्यान रशियन भाषेत, १९१० चं मोठं पुस्तक रशियन भाषेत, आणि जर्मन लेख वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात. रसायनशास्त्रज्ञ त्या वाटेला फारसे जात नसत.

मग महायुद्ध आलं. १९१५ मध्ये वॉर्सा जर्मनांच्या हाती पडलं, संस्था पूर्वेकडे हलवल्या गेल्या, त्स्वेत मॉस्को, निझ्नी नोव्गोरोद करत १९१७ मध्ये आजच्या एस्टोनियातल्या तार्तूला प्राध्यापक म्हणून पोचला. तिथूनही निघावं लागलं. १९१९ च्या जूनमध्ये व्होरोनेझ इथे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. आदल्या वर्षीच्या नोबेलसाठी त्याचं नाव सुचवलं गेलं होतं, एवढीच काय ती नोंद.

पुढची दहा-बारा वर्षं ही पद्धत जवळजवळ झोपलीच. अमेरिकेत लिरॉय पामर नावाच्या शास्त्रज्ञाने गाईचं लोणी पिवळं का होतं हे शोधताना ती वापरली आणि १९२२ च्या आपल्या पुस्तकात तिची दखल घेतली, पण ती साथ पसरली नाही. ती पसरली १९३१ मध्ये हायडलबर्गहून. रिखार्ड कून याच्या प्रयोगशाळेत एडगर लेडरर हा तरुण काम करत होता. त्याच्या हाती त्स्वेतच्या रशियन पुस्तकाचं एक जर्मन भाषांतर पडलं. ते भाषांतर करवून घेतलं होतं खुद्द विल्श्टेटरने, आणि त्यानेच ते आपला शिष्य कून याला दिलं होतं. ज्याने पद्धत नाकारली त्याच्याच कपाटातून ती पुढे आली.

लेडररने हात घातला तो अंड्यातल्या बलकाच्या पिवळ्याला. विल्श्टेटरच्या गटाने हजारो अंडी फोडून ते द्रव्य स्फटिकरूपात मिळवलं होतं आणि ते एकच द्रव्य मानलं होतं. खडूच्या नळीत त्याचे दोन पट्टे पडले, ल्युटिन आणि झिॲझँथिन. गाजरातलं कॅरोटीनही एक नव्हे, आल्फा आणि बीटा असं जोडीचं निघालं. स्फटिकावरचा विश्वास पुन्हा एकदा खोटा ठरला. दोन सख्खे भाऊ एकाच स्फटिकात बसू शकतात. यानंतर कॅरोटिनॉइडचं सगळं रसायनशास्त्रच नळीतून वाहू लागलं. रसायनशास्त्रज्ञ कॅरर आणि कून यांची १९३७ आणि १९३८ ची नोबेल याच कामाच्या अंगाने आली.

पुढची मजल लोकरीच्या धंद्यातून आली. इंग्लंडमध्ये लीड्सच्या लोकर-संशोधन संस्थेत मार्टिन आणि सिंज हे दोघे लोकरीतली अमिनो आम्लं वेगळी करत होते. १९४१ च्या लेखात त्यांनी पुडीऐवजी पुडीवर धरून ठेवलेला द्रव वापरण्याची युक्ती मांडली, आणि जाता जाता असंही लिहिलं की कण खूप बारीक घेतले आणि दाब पुष्कळ लावला तर वेगळेपणा कितीतरी वाढेल. १९५२ चं नोबेल त्यांना मिळालं. त्या दुसऱ्या सूचनेला मात्र दोनेक दशकं वाट पाहावी लागली. तसा पंप, तशी घट्ट नळी आणि तसे एकसारखे बारीक कण १९६० च्या दशकात येल विद्यापीठातल्या चाबा होर्व्हात आणि इतरांनी जमवले, आणि एचपीएलसी उभं राहिलं.

आजच्या यंत्रापुढे उभं राहिलं तर त्स्वेतची नळी ओळखू येणार नाही. खडू नाही, काच नाही, पट्टेही दिसत नाहीत. पेन्सिलीहून थोडी जाड, वीतभर लांब, स्टेनलेस स्टीलची नळी. आतला व्यास ४.६ मिलिमीटर. आत सिलिकाचे ५ मायक्रोमीटरचे गोळे, माणसाच्या केसाच्या जाडीच्या जवळपास दहाव्या-पंधराव्या हिश्श्याचे. त्यांच्या अंगावर अठरा कार्बनच्या साखळ्या चिकटवलेल्या असतात, म्हणून या कॉलमला सी-१८ म्हणतात. इतक्या दाट भरलेल्या नळीतून मिनिटाला एक मिलिलिटर द्रव ढकलायचा तर शंभर-दीडशे बार दाब लागतो. घरच्या कुकरची शिट्टी साधारण एका जादा बारला उडते.

पालकाच्या पानाचा एक रन जवळून पाहू. पान खुडून आणल्यावर देठ-शिरा वगळून पात्याच्या ठरावीक मापाच्या चकत्या काढतात आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत टाकतात. घाई असते ती विकराला थोपवण्याची. पेशी फुटली की क्लोरोफिलेज कामाला लागतं. खलात ते गोठलेलं पान पापडासारखं चुरतं. त्यात थंडगार ॲसिटोन आणि चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट. हे काम करतं खानावळीतल्या सोड्याचंच, फक्त सौम्यपणे: पानातल्या आम्लांना गप्प बसवतं. त्स्वेतही पान वाटताना हेच करत असे. खोलीतले दिवे मंद, कुपी काळ्या काचेची किंवा ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेली. हिरवा अर्क बारीक जाळीच्या गाळणीतून काढून घेतात, कारण एखादा कण जरी आत गेला तरी कॉलम चोक होतो आणि दिवस फुकट जातो. यंत्रात जातो तो त्यातला २० मायक्रोलिटर, थेंबाहूनही कमी.

मग पडद्यावर रेघ सरकू लागते. पानातल्या रंगांचा क्रम इथे त्स्वेतच्या नळीच्या उलटा येतो. सी-१८ चं अंग तेलकट. ऑक्सिजन बाळगणारे रेणू त्याला आवडत नाहीत, म्हणून ते आधी सुटतात. प्रथम निओझँथिन, मागोमाग व्हायोलाझँथिन, मग ल्युटिनचं उंच शिखर. त्यानंतर क्लोरोफिल-बी, आणि थोड्या अंतराने सगळ्यांत भारदस्त क्लोरोफिल-ए. बी आणि ए यांच्यात फरक केवढा, तर एका कोपऱ्यात ए कडे मिथाइलचा गट आहे तिथे बी कडे अल्डिहाइडचा. सुमारे नऊशे रेणुभाराच्या या धिप्पाड रेणूंत एवढाच बदल, पण कॉलमला तो कळतो. शेवटी, सगळे निघून गेल्यावर, बीटा-कॅरोटीन. त्स्वेतच्या खडूतून जे सर्वांत आधी पळालं होतं ते इथे सर्वांत शेवटी रेंगाळतं.

अनुभवी माणूस या आलेखात पालकाआधी पालक हाताळणाऱ्याला वाचतो. अगदी सुरुवातीला, जिथे काही नसायला हवं, तिथे एक हिरवं शिखर दिसलं की समजायचं, शेपटी तुटलेलं क्लोरोफिलाइड आहे. पान खुडल्यावर कुणीतरी चहाला गेलं होतं. क्लोरोफिल-ए च्या मागे करड्या रंगाचं शिखर उगवलं तर फिओफायटिन. आम्ल गप्प केलं नाही, किंवा अर्क दोन दिवस तसाच पडला. अळूचं फतफतं यंत्रात घातलं तर याच जागी डोंगर उभा राहील. कॉलमच्या पलीकडच्या बाजूला बसलेला डायोड-ॲरे शोधक दर शिखराचा पूर्ण वर्णपट टिपतो, त्यामुळे चोरी लपत नाही. पुस्तकातलं नमुना जपण्याविषयीचं प्रकरण यंत्राच्या प्रकरणापेक्षा मोठं का आहे, याचं उत्तर इथे आहे.

कधी कधी खुडणं हाच बदल असतो. भर दुपारच्या उन्हात पानाला झेपेल त्याहून जास्त प्रकाश मिळतो, तेव्हा पान आपल्यातल्या व्हायोलाझँथिनचं झिॲझँथिन करतं आणि जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देतं. ऊन उतरलं की उलट प्रवास. त्यामुळे एकाच झाडाची पहाटेची आणि दुपारची पानं कॉलममध्ये वेगळी दिसतात, आणि दुपारचं पान पिशवीत घालून सावकाश प्रयोगशाळेत नेलं तर ते वाटेतच संध्याकाळचं होऊन बसतं.

हीच काटेकोर सवय समुद्रावरही लागते. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी जहाजावरून आणलेलं पाणी काचतंतूंच्या गाळणीतून गाळतात. गाळणीवर उरतो तो फिकट तपकिरी किंवा हिरवट डाग, म्हणजे त्या पाण्यातली सगळी वनस्पती-प्लवकं. ती गाळणी गोठवायची आणि रंग वेगळे करायचे. फ्यूकोझँथिन भरपूर असेल तर डायाटमांचा पगडा, पेरिडिनिन असेल तर डायनोफ्लॅजेलेट, झिॲझँथिन ठळक असेल तर बहुधा निळे-हिरवे जिवाणू. सूक्ष्मदर्शकाखाली दिवसभर मोजणी करायची त्याऐवजी रंगांवरून कुळं ओळखता येतात. अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात नॉक्टिल्युका नावाच्या जिवाचे हिरवे तवंग येऊ लागले आहेत. हा जीव डायनोफ्लॅजेलेट आहे, पण त्याच्या नमुन्यात त्या कुळाची पेरिडिनिनची खूण सापडत नाही, सापडतं क्लोरोफिल-बी. त्याचं कारण, नॉक्टिल्युकाचा स्वतःचा हिरवा रंग नाहीच. त्याच्या पोटात हिरव्या शैवालाचे हजारो जीव भाड्याने राहतात, आणि बी त्यांचं.

उपग्रहांवरून समुद्राचा रंग मोजून क्लोरोफिलचे नकाशे काढतात, त्या आकड्यांना ताळा लावायलाही अशा गाळण्यांवरचे एचपीएलसीचे आकडेच वापरतात. १९८८ मध्ये जाहीर झालेला प्रोक्लोरोकॉकस हा जगातला बहुधा सर्वाधिक संख्येने असलेला प्रकाशसंश्लेषी जीव. त्याचं क्लोरोफिल नेहमीच्या ए पेक्षा किंचित वेगळं, आणि साध्या सी-१८ कॉलमवर ते ए च्या शिखरातच बुडून जातं. वेगळं पाहायला वेगळा कॉलम लागतो. एका शिखरात दोन रेणू लपू शकतात, हा बलकाचा धडा इथे पुन्हा गिरवावा लागतो. उलटंही घडतं. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेतल्या जिवाणूंच्या खडकाळ थरांतून क्लोरोफिल-डी शोधताना मिन चेन यांच्या गटाला आलेखावर एक अनोळखी शिखर दिसलं. ते क्लोरोफिल-एफ निघालं, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा अतिलाल प्रकाश शोषणारं. त्याआधीचं नवं क्लोरोफिल सापडल्याला साठेक वर्षं होऊन गेली होती.

महाराष्ट्रातली गोष्ट सांगायची तर हळदीपासून सुरुवात करावी लागेल. सांगलीच्या बाजारात हळद हाताने मोडून, आतला रंग बघून घेतली जाते. निर्यातीचा भाव मात्र कुर्क्युमिनच्या टक्क्यावर ठरतो. हळदीचा पिवळा हा तिघांचा आहे: कुर्क्युमिन, डिमिथॉक्सि-कुर्क्युमिन आणि बिसडिमिथॉक्सि-कुर्क्युमिन. साध्या वर्णपटमापकात तिघांची बेरीज मिळते, आणि कुणी दुसरा पिवळा मिसळला असेल तर तोही बेरजेत शिरतो. कॉलममध्ये तिघे तीन शिखरं होऊन येतात. कारखान्यात बनवलेलं कुर्क्युमिन इथेच पकडलं जातं. त्याच्याबरोबर ती दोन भावंडं येत नाहीत. २००३ मध्ये भारतातून फ्रान्सला गेलेल्या मिरचीपुडीत सुदान-१ हा औद्योगिक लाल रंग सापडला आणि युरोपात खळबळ उडाली, तेव्हाही पुडीतल्या मूळ लालांमधून तो उपरा लाल असाच बाजूला काढता आला.

हळदीला चुना लावला की कुंकू होतं, हे घराघरात ठाऊक आहे. कॉलम चालवणाऱ्याच्या दृष्टीने ती धोक्याची सूचना असते. अल्कधर्मी पाण्यात कुर्क्युमिन काही मिनिटांतच तुटू लागतं, त्यामुळे त्याचा विद्रावक किंचित आंबट ठेवतात. पालकाला आम्ल चालत नाही, हळदीला आम्लच लागतं. दोघांना एकाच बाटलीतून न्यायला गेलं तर एकाचा तरी बळी जातो.

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही या गोष्टीत येते. १९५७ ते १९६६ या काळात तिचे पहिले भारतीय संचालक असलेले कृष्णस्वामी वेंकटरमण हे रंगांचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या गटाने फणसाच्या कुळातल्या झाडांच्या लाकडातली पिवळी द्रव्यं आणि लाखेचा तांबडा रंग यांची रचना उकलली. फणसाच्या गाभ्याच्या पिवळ्याने ब्रह्मदेश, थायलंडकडे भिक्षूंची वस्त्रं रंगवत. त्या पिढीचं काम अजून मुख्यतः उभ्या काचनळ्यांवर चालत असे. पट्टा खाली उतरेपर्यंत संशोधक स्टुलावर बसून राही.

यंत्र नसलेल्या वाचकासाठी पहिल्या प्रकरणात कागदाचा प्रयोग दिला आहे. गाळणकागदाची बोटभर पट्टी घ्यायची, तळापासून दीड-दोन सेंटिमीटरवर पालकाचं पान ठेवून त्यावरून नाण्याची कड दाबून फिरवायची, म्हणजे हिरवी रेघ उमटते. दोन-चार वेळा, जागा न हलवता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नऊ भाग पेट्रोलियम ईथर आणि एक भाग ॲसिटोन मिळतं; जवळपास शेगडी किंवा बर्नर नको. बरणीच्या तळाला विद्रावकाचा उथळ थर, त्यात पट्टी उभी, रेघ द्रवाच्या वर, आणि झाकण. पाच-दहा मिनिटांत केशरी-पिवळं कॅरोटीन सर्वांत वर पळतं, त्याखाली फिकट पिवळे झँथोफिल, मग निळसर हिरवं ए आणि तळाशी पिवळसर हिरवं बी. मधेच एखादी करडी रेघ दिसली तर ते फिओफायटिन, म्हणजे पालक बाजारात बराच वेळ पडून होता. पेन्सिलीने प्रत्येक पट्ट्याभोवती लगेच खूण करून घ्यावी आणि पट्टी वहीत मिटून ठेवावी. खिडकीत वाळत ठेवली तर संध्याकाळपर्यंत हिरवे उडून जातात, पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या राहतात.